पतसंस्थेची अ‍ॅक्सेस फाइल बसली आहे, तातडीने मदत हवी

खतावणी | गुरुवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज गळ्याशी आलं म्हणून लिहितेय.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत लेखनिक आहे. अडीच हजारांच्या आसपास सभासद, रोजची पिग्मी, सोनेतारण, मुदत ठेवी. सॉफ्टवेअर २००४ साली एकाकडून बनवून घेतलेलं. ते गृहस्थ आता फोन उचलत नाहीत. सगळा हिशोब मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रामच्या एका एमडीबी फाइलमध्ये आहे. ती केबिनमधल्या पीसीवर असते, काउंटरचे दोन पीसी आणि साहेबांचा लॅपटॉप तिथूनच उघडतात.

काल दुपारी साडेचारला पिग्मीचा भरणा चालू असताना लाइट गेली. यूपीएसची बॅटरी दिवाळीपासून "उद्या बदलू" वर आहे. लाइट आली, प्रोग्राम उघडला तर 'अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट'. बॅकअप म्हणाल तर कपाटातल्या पेन ड्राइव्हमध्ये सात महिन्यांपूर्वीची फाइल सापडली. डेस्कटॉपवर 'बॅकअप' नावाचं आयकॉन आहे, ते मी रोज संध्याकाळी न चुकता दाबते. काळी खिडकी येते नि जाते. ते कुठे जातं हे आजवर कुणी विचारलं नाही, मीही नाही.

आज सकाळपासून व्यवहार वहीत लिहून घेतोय. पुढच्या आठवड्यात लेखापरीक्षक येणार आहेत. काय करू?

---

बोरूबहाद्दर | गुरुवार, रात्री ९.५२

ताई, आधी सगळे पीसी त्या फाइलमधून बाहेर काढा. कुणी "एकदा उघडून बघतो" म्हणालं तर हात धरा. एमडीबी आणि तिच्या शेजारची त्याच नावाची एलडीबी (फाइल कुणी उघडलीय त्याची नोंद ठेवणारी), दोन्ही एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि ती डिस्क काढून ठेवा. पुढे जे काय करायचं ते कॉपीच्या कॉपीवर.

मग हे सांगा: फाइल किती मोठी आहे? लॅपटॉप वायरने जोडलेला आहे की वायफायवर? आणि आत्तापर्यंत कुणी काय काय करून पाहिलंय? (खरं सांगा, इथे कुणी रागावणार नाही.)

---

झटपट | गुरुवार, रात्री १०.०५

एवढं कशाला? फाइल दुरुस्त करून देणाऱ्या साइट आहेत. अपलोड करा, पाच मिनिटांत नवी फाइल. नाहीतर मी क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर पाठवतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

कोकणकडा | गुरुवार, रात्री १०.११

@झटपट, अहो त्या फाइलमध्ये अडीच हजार लोकांचे आधार, पॅन, सह्या, कुणाचं किती सोनं गहाण आहे ते सगळं आहे. अनोळखी साइटवर टाकायचं म्हणजे गावच्या पारावर वही उघडी ठेवायची. आणि क्रॅकबरोबर काय काय घरात येतं ते तुमचा पीसी कधीतरी सांगेल.

---

खतावणी | गुरुवार, रात्री १०.३०

फाइल १.६ जीबी. लॅपटॉप वायफायवर.

आणि हो, सांगते. आज सकाळी साहेबांच्या भाच्याने अ‍ॅक्सेसमधलं 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवलं. मूळ फाइलवरच. फाइल उघडते आता, पण सभासदांच्या टेबलात तीन ठिकाणी पत्त्याच्या जागी चक्क चिनी अक्षरं आली आहेत. व्यवहारांच्या टेबलात मध्येच 'एरर' लिहिलेल्या ओळी, त्यांवर गेलं की अ‍ॅक्सेस बंद पडतं. भाचा म्हणतो व्हायरस आहे, तोही चीनचा.

---

बोरूबहाद्दर | गुरुवार, रात्री ११.२०

व्हायरस नाही. भाच्याला जेवायला घाला आणि पीसीपासून लांब बसवा.

काय झालंय ते सांगतो, म्हणजे पुढचं करताना भीती वाटणार नाही. अ‍ॅक्सेसमागे जे जेट नावाचं इंजिन आहे त्याला मधे कारकून नसतो. मोठ्या डेटाबेसमध्ये एक सर्व्हर बसलेला असतो, सगळे त्याला सांगतात नि तोच एकटा वहीत लिहितो. तुमच्याकडे तिन्ही पीसी आणि लॅपटॉप एकाच वहीत स्वतःच्या हाताने लिहितात, नेटवर्कवरून. या वहीचं एक पान ४ केबीचं. पान अर्धं लिहून झालं नि लाइट गेली की अर्धं पान नवं, अर्धं जुनं. लांबलचक मजकुराचा, म्हणजे मेमोचा, रकाना असेल तर त्यात मजकूर नसतो, तो दुसऱ्या कुठल्या पानावर आहे त्याचा पत्ता असतो. पत्ता चुकला की भलतेच बाइट अक्षरं म्हणून दाखवले जातात, आणि दोन-दोन बाइटची जोडी युनिकोड (सगळ्या लिप्यांची नवी संकेतपद्धत) म्हणून वाचली की बऱ्याचदा चिनी अक्षरांच्या गल्लीत जाते. तुमचे चिनी पाहुणे ते एवढेच.

कॉम्पॅक्ट अँड रिपेअर हे औषध चांगलं आहे, पण ते नवी फाइल बनवून जुनीच्या जागी ठेवतं. जे वाचता आलं नाही ते सोडून देतं. म्हणून मूळ फाइलवर ते चालवायचं नसतं. दुरुस्तीनंतर प्रायमरी की (नोंद दोनदा येऊ न देणारा क्रमांक) आहेत का ते टेबलाच्या डिझाइनमध्ये बघा, बऱ्याचदा त्याच उडतात, आणि मग एकच व्हाउचर दोनदा चढलं तरी कुणी अडवत नाही. 'एमसिस कॉम्पॅक्ट एरर' नावाचं टेबल तयार झालं असेल तर त्यात काय काय टाकून दिलं त्याची नोंद असते. लपलेलं असेल तर सिस्टिम ऑब्जेक्ट्स दाखवा.

आता एक काम. ते 'बॅकअप' आयकॉन दाबू नका. राइट क्लिक करून 'एडिट' करा, आत काय लिहिलंय ते इथे सांगा.

---

शेंगदाण्याची चटणी | गुरुवार, रात्री ११.२५

वाचतोय. आमच्या शाळेच्या ऑफिसातही अस्संच आयकॉन आहे. उद्या सकाळी सगळ्यात आधी तेच उघडून बघणार.

---

खतावणी | शुक्रवार, सकाळी १०.५०

आत एकच ओळ आहे. कॉपी, मग डेटाच्या फोल्डरचा पत्ता, तारा-टिंब-तारा, मग सी ड्राइव्हवरच्या 'बीकेपी' फोल्डरचा पत्ता, शेवटी स्लॅश वाय.

म्हणजे त्याच पीसीवर, त्याच डिस्कवर? वीस वर्षं?

आणि बुधवारी संध्याकाळी घरी जाताना सवयीने मी ते दाबलं होतं. फाइल उघडत नव्हती तरी. आता पोटात गोळा आलाय.

---

बोरूबहाद्दर | शुक्रवार, सकाळी ११.१५

स्लॅश वाय म्हणजे 'वर लिहू का?' असं न विचारता वर लिही. रोज एकाच नावावर. म्हणजे तुमच्याकडे कायम एकच बॅकअप होता, तोही आदल्या संध्याकाळचा, आणि बुधवारी खराब फाइलने चांगल्या फाइलला गिळलं.

पण ताई, यातच आपलं नशीब आहे. भाच्याने गुरुवारी मूळ फाइल बदलली. दुरुस्तीच्या आधीची, जशी बिघडली तशीच फाइल कुठे राहिली? तुमच्या 'बीकेपी'मध्ये! ती आधी बाहेर कॉपी करा. तारा-टिंब-तारा म्हणजे फोल्डरमधल्या सगळ्या फाइली, त्यामुळे एलडीबीही तिथे असेल. ती नोटपॅडमध्ये उघडून बघा.

दुसरं, सी ड्राइव्हवर असल्याने एक आशा आहे. 'बीकेपी' फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'प्रिव्हियस व्हर्जन्स'. विंडोजने मधे अपडेट घेताना रिस्टोअर पॉइंट केला असेल तर त्या दिवशीची फाइल तिथे दिसेल. 'रिस्टोअर' दाबू नका, तेही वर लिहितं. 'ओपन' करून तिथून कॉपी बाहेर घ्या.

---

खतावणी | शुक्रवार, दुपारी १२.४०

आहे!!! नऊ दिवसांपूर्वीची!! उघडते, चिनी नाहीत. डोळ्यांत पाणी आलं खरंच.

एलडीबीत दोन्ही काउंटरची नावं आणि साहेबांच्या लॅपटॉपचं नाव आहे, प्रत्येकापुढे 'अ‍ॅडमिन'. साहेब म्हणत होते की मी त्या वेळी काही उघडलं नव्हतं.

---

सदाशिव पेठी | शुक्रवार, दुपारी १२.५८

साहेबांना एलडीबीची प्रिंट काढून द्या. लॅमिनेट करून.

---

खतावणी | शुक्रवार, दुपारी १.१०

पण एक घोळ. ही चांगली फाइल मी घरच्या कॉम्प्युटरवर उघडली तर सगळ्याच सभासदांची नावं किडामुंगी. इंग्रजी अक्षरं, त्यांवर टिंबं, टोप्या, मध्येच पौंडाचं चिन्ह. हीपण बिघडली का?

---

टंकलेखिका | शुक्रवार, दुपारी १.३२

नाही गं, हा आपला जुना रोग. २००४ ची फाइल म्हणजे युनिकोड नसणार, सुरेखसारख्या एखाद्या फॉन्टात टाइप केलेलं असणार. त्यात मराठी अक्षर दिसतं ते केवळ फॉन्टमुळे, आत साठवलेले असतात इंग्रजीचेच संकेत. ऑफिसच्या पीसीतला फॉन्ट घरी नाही म्हणून किडामुंगी. फॉन्ट टाकला की नावं जागेवर.

उलट युनिकोडवाल्यांनी सावध राहावं. आमच्याकडे एका संस्थेचा डेटा एका डेटाबेसमधून दुसऱ्यात नेताना सगळ्या मराठी नावांची प्रश्नचिन्हं झाली. किडामुंगी दिसत असेल तर आतले बाइट जिवंत असतात, उलट रूपांतर करून परत आणता येतात. प्रश्नचिन्हच साठवलं गेलं असेल तर मात्र खेळ संपला. 'म' चं प्रश्नचिन्ह आणि 'श' चं प्रश्नचिन्ह सारखंच, त्यातून कुणाचं नाव परत काढणार? म्हणून हलवाहलव करताना आधी पाच ओळी नेऊन डोळ्याने बघायच्या, मग लाख.

---

बोरूबहाद्दर | शुक्रवार, रात्री ९.०५

आता खरं काम. घाईने करू नका, शनिवार-रविवार हाताशी आहेत.

एक नवी रिकामी डेटाबेस फाइल करा. नऊ दिवसांच्या फाइलमधून सगळ्या टेबलांचा फक्त सांगाडा आयात करा, डेटा नको. यामुळे की, इंडेक्स, नातेसंबंध सगळं नीट येईल. मग दुरुस्त फाइल आणि 'बीकेपी'ची कच्ची फाइल (कॉपी! आणि ती उघडली तर) जोडून घ्या आणि अपेंड क्वेरीने (एका टेबलातल्या ओळी दुसऱ्यात भरणारी आज्ञा) एकेक टेबल भरा. बहुतेक टेबलं सरळ जातील.

व्यवहारांचं टेबल अडेल. तिथे नोंद क्रमांकावर अर्धे-अर्धे करत जा. पहिला अर्धा घ्या, गेला? मग दुसऱ्याचा अर्धा. जिथे अडतं तिथे पुन्हा अर्धा. दहा-पंधरा वेळात खराब तुकडा कोंडीत सापडतो. त्याच्या आधीचं घ्या, नंतरचं घ्या, तेवढा तुकडा सोडा. ऑटोनंबर, म्हणजे आपोआप पडणारा नोंद क्रमांक, मधले आकडे सहसा परत वापरत नाही, त्यामुळे किती ओळी गेल्या हे भोकच सांगेल.

पत्त्याच्या त्या तीन चिनी ओळी नऊ दिवसांच्या फाइलमधून उचला.

---

डब्लिनहून | शनिवार, पहाटे ४.१५

इथे डेटाबेस सांभाळणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. ताईंना वाटत असेल की छोट्या गावात आहोत म्हणून असं झालं, तर एक गोष्ट सांगतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याने रात्री दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर फोल्डर पुसण्याची आज्ञा दिली. थांबवेपर्यंत ३०० जीबीतले साडेचारच उरले. मग बॅकअप शोधायला गेले तर पाच वेगवेगळ्या व्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती. रोजचा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळत नसल्याने कित्येक दिवस होतच नव्हता, आणि तो होत नाही हे सांगणारे ईमेलही नाकारले जात होते. शेवटी कुणीतरी सहा तास आधी चाचणीसाठी हाताने घेतलेली प्रत होती, तिच्यावर गाडी आली. म्हणजे तुमच्या प्रिव्हियस व्हर्जन्ससारखंच, नशीब. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, दुरुस्ती चालू असताना थेट प्रक्षेपण केलं, म्हणून आज आपल्याला माहीत आहे.

एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा मोठा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी जाता जाता: तपासणीच्या आज्ञेला जोडून 'रिपेअर अलाऊ डेटा लॉस' असा पर्याय असतो. त्याच्या नावातच लिहिलंय. बॅकअप हाताशी असताना तो वापरणं म्हणजे दात दुखतोय म्हणून जबडा काढणं.

---

वाशिष्ठीकाठ | शनिवार, सकाळी ८.४०

चिपळूणचा पूर. २२ जुलै २०२१. दुकानात पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांना पाणी लागलेलं. माझ्याकडे बॅकअप रोजचा होता, तारीखवार होता, वेगळ्या हार्ड डिस्कवर होता. ती डिस्क कॉम्प्युटरच्या खालच्या खणात होती. दोन्हींत चिखल सारखाच.

तेव्हापासून दोन डिस्क. एक दुकानात, एक मेहुण्याकडे डोंगरावर. दर रविवारी अदलाबदल. मेहुण्याकडे जेवणही होतं.

---

खतावणी | रविवार, रात्री १०.१५

काल आणि आज मिळून सोळा तास. सांगते.

दहाव्या-अकराव्या अर्ध्याला तुकडा सापडला. नोंद क्रमांक २४३११८ ते २४३१५५. बरोबर अडतीस ओळी. बोरूबहाद्दर म्हणाले तसं एक पान गेलं असणार. वेळ बघितली तर बुधवारी चार वाजून दहा ते साडेचार, म्हणजे एकाच पिग्मी एजंटाचा भरणा. त्याच्या मशीनमधून त्या दिवसाची यादी पुन्हा छापून घेतली, अडतीस ग्राहक समोर बसून चढवले. प्रायमरी की खरंच उडाल्या होत्या, नव्या सांगाड्यात आहेत.

मग बुधवारची किर्द (रोजच्या व्यवहारांची वही) घातली, तेरीज (जमा-नावेची जुळणी) काढली. फरक दोनशे सत्तर रुपये. रात्री आठपासून शोधतेय. प्रत्येक पावती दोनदा बघून झाली, आकडे आता नाचायला लागलेत.

---

निवृत्त रोखपाल | रविवार, रात्री १०.३१

बेटा, २७० ला नवाने भाग जातो. म्हणजे कुठेतरी आकडे उलटे पडलेत. नवाने भागून तीस आले. तेव्हा शेकडा आणि दहाचा आकडा, दोघांत तीनचं अंतर: ४१० चे १४०, ५२० चे २५०, ६३० चे ३६० असं काहीतरी शोध.

---

खतावणी | रविवार, रात्री १०.४४

३६० च्या जागी ६३०. पिग्मीची अकरावी पावती. माझ्याच हातची चूक.

तेरीज जुळली. काका, तुमच्या पायाशी साष्टांग.

---

निवृत्त रोखपाल | रविवार, रात्री १०.५०

झोप आता.

---

बोरूबहाद्दर | सोमवार, सकाळी ९.३०

अभिनंदन! आता व्यवस्थापकांसमोर ठेवायचं ते, पैसे लागणाऱ्या गोष्टी आधी सांगतो कारण त्याच पुढे ढकलल्या जातात.

यूपीएसची बॅटरी आजच. लॅपटॉपला वायर, किंवा लॅपटॉप त्या फाइलपासून दूर. वायफायवर जेटची फाइल म्हणजे एसटीच्या टपावर दुधाची किटली. फाइल १.६ जीबी आहे आणि एमडीबीची मर्यादा २ जीबी, तिथे पोचलात की लाइट न जाताही बसेल. सह्यांचे स्कॅन टेबलातच कोंबलेत ना? ते फोल्डरमध्ये काढा, टेबलात फक्त पत्ता ठेवा, फाइल निम्म्याहून खाली येईल असं वाटतं. फॉर्म-रिपोर्ट एका फाइलमध्ये आणि डेटा दुसऱ्यात अशी फोड करा, फॉर्मची फाइल प्रत्येक पीसीवर वेगळी.

आणखी एक. २०१८ मधल्या विंडोज १० च्या १८०३ अपडेटनंतर पुष्कळ ठिकाणी शेअर केलेल्या अ‍ॅक्सेस फाइली 'इनकन्सिस्टंट स्टेट' म्हणू लागल्या. फाइल जिथे आहे त्या पीसीवर 'लीजिंग' (शेअर केलेल्या फाइलचा भाग दुसऱ्या पीसीने स्वतःकडे धरून ठेवण्याची सोय) बंद करणं हा त्यावरचा मायक्रोसॉफ्टने दिलेला उपाय. लाइट न जाताच असा निरोप आला तर हे आठवा. पुढेमागे एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर जा, फुकट आहे, तुमच्या आकाराला पुरून उरेल.

---

कोकणकडा | सोमवार, सकाळी १०.०५

बॅकअपबद्दल: नावात तारीख, वर लिहिणं बंद, आणि सगळे बाहेर पडल्यावरच कॉपी. चालू फाइल गूगल ड्राइव्हसारख्या सिंक फोल्डरमध्ये ठेवू नका, ते अर्धी फाइल उचलतं. बॅकअपची डिस्क काम झालं की काढायची. लावलेली राहिली तर खंडणीवाला व्हायरस तिलाही कुलूप लावतो. तसं कधी झालंच तर सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) सहा तासांत कळवण्याचा नियम २०२२ पासून आहे, पैसे गेले तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकाला लगेच फोन.

आणि एमडीबीला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. जुन्या एमडीबीचा पासवर्ड म्हणजे दाराला नुसती कडी, काही सेकंदांत निघतो. मेहुण्याकडे पाठवायची डिस्क बिटलॉकरने (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) बंद करा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर, तिजोरीत. डिस्कबरोबर नव्हे!

---

सदाशिव पेठी | सोमवार, सकाळी १०.२०

मेहुणा नसलेल्यांनी काय करावं?

---

शेंगदाण्याची चटणी | सोमवार, दुपारी २.१५

शाळेतलं आयकॉन उघडलं. कॉपी करतंय ई ड्राइव्हवर. ई ड्राइव्ह नाहीये. पूर्वी होता म्हणे. काळी खिडकी दोन वर्षं नुसती चमकतेय. आजच्या आज नवी डिस्क आणली.

---

खतावणी | तीन आठवड्यांनी, शनिवार, संध्याकाळी ६.४०

धागा वर काढतेय. लेखापरीक्षण पार पडलं. त्यांना झालेलं सगळं लिहून दिलं, त्या अडतीस पावत्या वेगळ्या फाइलला लावल्या, साहेबांनी सही केली. बॅटरी आली. लॅपटॉपची वायर आली, साहेब ती रोज काढतात, मी रोज लावते.

संस्थेने ठराव केला की महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून तेरीज काढायची. आज पहिली वेळ. बाहेरगावच्या संचालकांकडची डिस्क आणली, त्यांच्याच मुलाच्या लॅपटॉपवर उघडली. बावीस मिनिटं लागली. तेरीज पैशापर्यंत जुळली.

फक्त सभासदांची नावं सगळी किडामुंगी. फॉन्टची फाइल बॅकअपमध्ये घ्यायला विसरलो. सोमवारी टाकते.